मैनेचं पहिलं लोणी

शाळेच्या जिन्यावरून मैना घसरली तेव्हा तिच्या हातात पृथ्वीचा गोल होता. गोल वाचला, पाय मोडला.

"दोन्ही हातांनी गोल धरला होता, म्हणून कठडा धरता आला नाही," असं तिने हॉस्पिटलात भेटेल त्याला सांगितलं. डॉक्टरांना, प्लास्टर घालणाऱ्याला, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना, आणि आजोबांना ऐकू कमी येत होतं म्हणून त्यांना पुन्हा एकदा. मैना हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी जी बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून गल्लीने ठेवलेलं. आता चौतीस वर्षांची, भूगोलाची बाई झाली होती, तरी सगळ्यांना ती मैनाच.

मैना आणि तिचा नवरा तिसऱ्या मजल्यावर राहत आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. प्लास्टर सहा आठवड्यांचं. तेव्हा दोघांनी बॅगा भरल्या आणि मैनेच्या आईकडे मुक्काम हलवला. आईचं घर तळमजल्यावरचं, लांबुडकं. पुढे एक खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात पत्र्याखाली दोन शेळ्या. एक थोरली, एक धाकटी. त्यांना तीच नावं होती. थोरली दूध काढताना पुतळ्यासारखी उभी राही. धाकटी बादलीत पाय घालायची वाट पाहत असे.

मैनेच्या आईला सगळे मेट्रनबाई म्हणत. हॉस्पिटलात एकतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. तरी अजून चादरीची घडी पाहून माणसाची पारख करायच्या. जावई शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. बाजारात त्याचं एका खिडकीएवढं दुकान होतं. लग्नाआधी तो पहिल्यांदा या घरी आला, तेव्हा मेट्रनबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला, त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नखं काळी आहेत."

"ऑइल आहे," तो कसाबसा म्हणाला.

"असेल."

त्या दिवसापासून सहा वर्षं या घरी यायचं म्हटलं की तो आधी अर्धा तास ब्रशने नखं घासायचा. मेट्रनबाई त्याला 'तुम्ही' म्हणत, तो त्यांना 'आई' म्हणे, आणि दोघं एकमेकांशी इतकं जपून वागत की मध्ये मैना नसली तर खोलीत फक्त घड्याळ बोले. "आई, चहा?" "नको, तुम्ही घ्या." "मग मलाही नको." असा तो चहा रोज राहून जायचा.

शेळ्या पाळल्या होत्या त्या मैनेसाठीच. जन्मल्यापासून तिला गाईचं दूध सोसत नव्हतं, म्हशीचंही नाही. एक घोट गेला की तासाभरात पोटात कळा आणि रात्रभर रडणं. तेव्हाच्या डॉक्टरांनी, स्वतः जवळ बसून, चमचाभर शेळीचं दूध देऊन पाहिलं. कित्येकांना तेही चालत नाही. हिला चाललं. दुसऱ्याच आठवड्यात मेट्रनबाई सुट्टी टाकून गेल्या आणि दोरीला धरून एक शेळी घेऊन आल्या. आता होत्या त्या तिच्या पणत्या की खापरपणत्या.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी जावई दुकानात जायच्या गडबडीत उभ्या उभ्या कोरडा पाव चावत होता. मैना खाटेवरून त्याच्याकडे पाहत होती.

"एरवी तू दुकानासमोरच्या टपरीवर लोणी लावलेला पाव खातोस ना?"

"हो. का गं?"

"कसं लागतं रे लोणी?"

"कसं म्हणजे?"

"मी कधी खाल्लंच नाही ना."

जावई चावायचा थांबला. सहा वर्षं संसार केला, पण हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. घरी स्वयंपाक तेलात व्हायचा, तो जे काही बाहेर खायचा ते बाहेरच राहायचं. त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"मऊ असतं. म्हणजे… आधी घट्ट, मग तोंडात गेलं की पातळ. गुळगुळीत."

"हे तर ग्रीजचं वर्णन झालं."

"वास छान असतो."

"कसा?"

त्याला काही केल्या तो वास शब्दांत धरता येईना. पाव तसाच हातात घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. मेट्रनबाई दुधाची किटली विसळत होत्या.

"आई, शेळीच्या दुधाचं लोणी निघतं का?"

"शेळीच्या दुधाला साय धरत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. ज्या आवाजात वॉर्डात भेटीची वेळ संपल्याचं सांगायच्या, त्याच आवाजात.

एरवी तो "बरं" म्हणून वळला असता. त्या दिवशी कोण जाणे कसं, पाय हललेच नाहीत.

"तुम्ही करून पाहिलं होतं?"

मेट्रनबाईंनी किटली उपडी घातली. "एकदा. ती चार वर्षांची असताना. दूध तापवून दोन दिवस झाकून ठेवलं. वर कागदासारखी पापुद्री आली. एवढीशी. मग ड्यूटी लागली, आणि राहिलं ते राहिलंच."

"मग आपण पुन्हा करून पाहू या."

हे 'आपण' म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. मेट्रनबाईंनी त्याच्याकडे, म्हणजे खरं तर त्याच्या नखांकडे, एकदा पाहिलं. "संध्याकाळी लवकर या," त्या म्हणाल्या.

पहिला प्रयत्न पसरट भांड्यांचा. मेट्रनबाईंचा एक नियम पक्का होता: कच्चं दूध या घरात कोणी तोंडाला लावणार नाही. उकळीही येऊ द्यायची नाही, नाहीतर पापुद्रा धरतो. तेव्हा दूध बुडबुडे यायच्या बेतात येईपर्यंत तापवायचं, थोडा वेळ तसंच धरायचं आणि मग थंड पाण्यात भांडं ठेवून निववायचं. घरातली सगळी पसरट भांडी निघाली. केकचा साचा, दोन ताटल्या, एक जुना हॉस्पिटलचा ट्रे. त्यात बोटभर दूध ओतून सगळं फ्रीजमध्ये. फ्रीजमधल्या भाज्या टेबलावर आल्या. दोन दिवस कोणी फ्रीजचं दार जोरात उघडायचं नाही असा हुकूम निघाला आणि तो आपल्याच हातून मोडला म्हणून मेट्रनबाई स्वतःवरच चिडल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पसरट चमच्याने वरचा थर हलक्या हाताने ओढला. साडेतीन लिटर दुधावर मिळून साय निघाली ती चार चमचे, तीही पातळच.

"मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

मैनेने तोवर पडल्या पडल्या मोबाइलवर सगळं वाचून काढलं होतं. भिंतीपलीकडून ती वर्गात शिकवावं तशी शिकवू लागली. "आई, गाईच्या दुधातले स्निग्ध कण एकमेकांना धरून वर येतात. शेळीच्या दुधातले कण फार बारीक असतात आणि ते एकमेकांना धरतच नाहीत. सुटे सुटे तरंगत राहतात. आठवडाभर ठेवलं तरी निम्मी साय दुधातच! त्याला यंत्र लागतं. फिरवून वेगळं करायचं यंत्र!"

"कण सुद्धा तुझ्यासारखेच हट्टी," मेट्रनबाई पुटपुटल्या, आणि दुधाचा चहा झाला. त्या दिवशी सासू-जावयाने पहिल्यांदा एकत्र चहा घेतला. दूध संपवायचं होतं म्हणून.

यंत्र अगदी अनपेक्षित जागी सापडलं. जावयाच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांचं मशीन टाके सोडायला लागलं होतं म्हणून तो त्यांच्या घरी गेला. टेबलाखाली वाकून पट्टा तपासताना त्याचं डोकं एका लोखंडी वस्तूवर आपटलं. जाड पायाचं, हँडल असलेलं, वर भांडं बसवायचं कडं, बाजूला दोन तोट्यांचे पत्र्याचे टोप.

"हे कसलं मशीन?" डोकं चोळत त्याने विचारलं.

"आमच्या वडिलांचं. दुधातून साय काढायचं. आता जनावरं नाहीत आमच्याकडे, पण भंगारात द्यायला जीव होत नाही. मी त्यावर पाय ठेवून शिवते."

जावई टेबलाखालून बाहेर यायलाच तयार होईना. तिथेच उकिडवा बसून त्याने हँडल एकदा फिरवलं. आत चाकांचे दात एकात एक बसल्याचा आवाज आला, आणि हँडलच्या आतून एक छोटी घंटा वाजली. टिंग.

बाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "न्या. वापरात राहिलं तर वडिलांना बरं वाटेल. मला पाय ठेवायला एक पाट आणून द्या म्हणजे झालं."

घरी आल्यावर त्याने ते ओट्यावर ठेवलं तेव्हा मेट्रनबाईंनी आधी दोन पातेली पाणी उकळत ठेवलं. मग दोघं बसली खोलायला. मधल्या वाटीत एकावर एक बसणाऱ्या पत्र्याच्या सतरा तबकड्या होत्या, उलट्या फनेलसारख्या, आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरात नंबर कोरलेला होता. एकेक घासायची, उकळत्या पाण्यात टाकायची, चिमट्याने उचलायची, फडक्यावर वाळत घालायची. जावयाने सवयीने फडकं खिशातून काढलं. मेट्रनबाईंनी ते त्याच्या हातातून दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं आणि स्वतःचं दिलं.

"नंबर चुकवू नका," त्या म्हणाल्या.

"नाही चुकणार."

"अकरानंतर बारा."

"आई, मला मोजता येतं," तो म्हणाला, आणि दोघंही जरा चपापली, कारण हा जवळजवळ विनोद होता.

शनिवारी दुपारी पहिली फेरी झाली. पाच लिटर दूध साठवलं होतं. ते अंगाएवढं कोमट केलं, वरच्या भांड्याची तोटी बंद करून त्यात ओतलं. यंत्र ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळलेलं. एका तोटीखाली पातेलं, दुसरीखाली काचेचा बाऊल. जावयाने बाह्या वर केल्या आणि हँडल फिरवायला घेतलं. टिंग. टिंग. टिंग. शेजारच्या खोलीतून मैना विचारत होती, "सुरू झालं? आलं काही? मला कोणी काही सांगेल का?"

"उघडू वरची तोटी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"उघडा!"

क्षणभर सगळं ठीक वाटलं. मग दूध दोन्ही तोट्यांतून येण्याऐवजी यंत्राच्या पोटातूनच यायला लागलं. आधी एक ओघळ. मग चार. मग यंत्राने सगळ्या बाजूंनी फवारा उडवला आणि भिंत, ओटा, गॅस, मेट्रनबाईंचा चष्मा, सगळं एका दमात पांढरं झालं. जावई एका हाताने हँडल फिरवतोय आणि दुसऱ्या हाताने फवारा अडवू पाहतोय.

"अरे गाढवा, फिरवतोस काय! हँडल सोड, तोटी बंद कर!"

त्याने तोटी बंद केली. यंत्र गुरगुरत गुरगुरत थांबलं. ओट्यावरून दूध ठिबकत होतं.

"तुम्हाला नाही म्हणाले मी," मेट्रनबाई चष्मा पुसत म्हणाल्या. मग खोटं बोलायची सवय नसल्यामुळे म्हणाल्या, "म्हणजे, तुम्हालाच म्हणाले."

"असू दे, आई. गाढवपणा झालाच."

भिंतीपलीकडे मैना इतकी हसत होती की खाट करकरत होती. "आई त्याला गाढव म्हणाली! माझा पाय! अगं, हसवू नका, पाय दुखतो!"

आणि मग मेट्रनबाईंनाही हसू फुटलं. ज्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने अख्खा वॉर्ड सरळ झोपायचा, त्या बाई ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जावई आधी घाबरला, मग तोही हसायला लागला. अंगणाच्या दारातून धाकटी शेळी डोकं आत घालून तिच्या दुधाचं काय चाललंय ते पाहत होती.

"तू तिकडून पुसत ये, मी इकडून येते," मेट्रनबाई फडकं पिळत म्हणाल्या. दोघं गुडघ्यावर बसून फरशी पुसत पुसत मध्यावर भेटली. 'तू' म्हटलं गेलं हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. पुन्हा 'तुम्ही'वर जायचं कोणी नाव काढलं नाही. सांडलेल्याचा उरलासुरला भाग गल्लीतल्या मांजरांनी मागच्या दारी संपवला.

चूक काय झाली ते त्याने संध्याकाळी शोधलं. वाटीच्या झाकणाला आतून एक गोल खाच होती, बोटाने चाचपली तर रिकामी.

"इथे काहीतरी बसत असणार. खाच उगीच कोणी पाडत नाही. रबराची रिंग असेल, कुजून गेली."

मेट्रनबाईंनी फडताळ उघडलं. वरच्या फळीवर काचेच्या, तारेने झाकण आवळायच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक झाकणाला रबरी रिंग. साखरेच्या बरणीची सैल झाली. कॉफीच्या बरणीची घट्ट झाली. बिस्किटांच्या बरणीची जणू त्या खाचेसाठीच केली होती अशी बसली.

"बिस्किटं मऊ पडतील आता," जावई म्हणाला.

"पडू देत. काढ ती, उकळून देते."

दुसरी फेरी मंगळवारी, कारण त्या दिवशी त्याचं दुकान बंद असे. यावेळी एक थेंब गळला नाही. दोन्ही तोट्यांतून दूध छान धारेने आलं. पण दोन्हीकडून तेच. मेट्रनबाईंनी दोन स्वच्छ चमच्यांनी दोन्हीकडचं चाखलं आणि मान हलवली. "पातेल्यातही दूध, बाऊलमध्येही दूध. आपण एवढा व्यायाम करून एका भांड्यातलं दूध दोन भांड्यांत केलं."

जावई घामाघूम झाला होता. त्याने यंत्राकडे असं पाहिलं की एखाद्या शिवणयंत्राने त्याला फसवलं असतं तरी त्याने इतकं मनाला लावून घेतलं नसतं. बाहेरच्या खोलीतून मैनेचा आवाज आला.

"अरे, मी एक विचारू?"

"विचारतेसच तू."

"घंटा वाजायची थांबते, तेव्हा तू हळू का करतोस?"

"थांबते म्हणजे काहीतरी अडकतंय. तुटलं तर? हळू केलं की पुन्हा वाजायला लागते."

"अडकत नाही रे! उलट तेव्हाच यंत्राचा आवाज गोड होतो. आधी टिंग टिंग, खडखड. मग घंटा बंद आणि भोवऱ्यासारखा एकसारखा सूर. आणि सूर लागला रे लागला की तू हळू करतोस, की परत टिंग टिंग. तीनदा झालं असं. मी इथे दिवसभर करते काय दुसरं? ऐकतेच आहे."

जावई हँडलपाशी वाकला. हळूच फिरवून त्याने घंटेच्या आतला गोटा पाहिला, तो खाली पडताना वाजत होता. वेगाने फिरवलं तर तो बाहेरच्या बाजूला दाबला जाणार आणि पडणारच नाही. म्हणजे घंटा गप्प झाली की वेग पुरेसा. ती घंटा सांगत होती, 'अजून जोरात, अजून जोरात', आणि तो मात्र ती थांबू नये म्हणून जपत होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "गाढव तो गाढवच."

"दूध पुन्हा कोमट करते," मेट्रनबाई म्हणाल्या.

दोन्ही भांड्यांतलं दूध एकत्र झालं, पुन्हा कोमट झालं, पुन्हा वर चढलं. जावयाने दोन्ही पाय फाकवून पवित्रा घेतला. टिंग, टिंग, टिंग. खांदे भरून आले. टिंग… टिंग. आणि घंटा गप्प झाली. तो थांबला नाही. यंत्रातून एक सूर उमटला, आधी खालचा, मग वर वर चढत जाणारा, आणि एका जागी स्थिर झाला.

"आता!" मैना ओरडली. "आता उघड, आई!"

मेट्रनबाईंनी वरची तोटी उघडली. पातेल्याच्या बाजूला धार सुरू झाली, निळसर झाक असलेली, पातळ. बाऊलच्या बाजूला बराच वेळ काहीच आलं नाही. मग तोटीच्या ओठावर एक थेंब जमला. तो पडेना. लोंबकळत राहिला, लांबला, आणि मग त्याच्यामागून जाडसर, संथ, दोऱ्यासारखी धार बाऊलमध्ये उतरली आणि तळाशी पडताना तिची घडीवर घडी पडत गेली.

"आली," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्यांना स्वतःलाच परका वाटला असेल.

"कोण आली? काय आली? अहो कोणीतरी बोला!"

"साय आली!" जावई ओरडला. त्याला हँडल सोडता येत नव्हतं, आणि नाचावंसं तर वाटत होतं, म्हणून तो फिरवता फिरवताच जागच्या जागी नाचला.

मेट्रनबाईंनी बाऊलच्या जागी दुसरी वाटी सरकवली आणि बाऊल दोन्ही हातांत धरून बाहेरच्या खोलीत पळाल्या. वॉर्डात पळायला त्यांची सक्त मनाई होती. मैनेने बाऊल तिरका केला, साय एका बाजूला सरकली आणि काचेवर जाड, पांढरा पडदा ठेवून गेली. तिने बोट घातलं, चाटलं, पुन्हा बोट घातलं.

"पुरे! लोणी करायचंय," म्हणत मेट्रनबाईंनी बाऊल ओढून घेतला आणि जाता जाता स्वतःच बोट चाटलं.

साय दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये राहिली. बुधवारी जावई दुकान लवकर बंद करून आला. सायीने अर्धी भरेल एवढी मोठी बरणी घेतली, झाकण गच्च लावलं आणि मैनेच्या खाटेभोवती तिघं बसली. बरणी हलवायची, एवढंच काम. आधी मैना, उशीला टेकून, दोन्ही हातांनी. मग जावई. मग मेट्रनबाई, मनगटातून, औषधाची बाटली हलवावी तशी, मोजून. दहा मिनिटं नुसतं डबडब. मग आतून आवाज येणंच बंद झालं, बरणी जड आणि मुकी झाली, साय फुगून काचेला चिकटली.

"बिघडलं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"हलवत राहा गं. आत्ता कुठे रंगात आलंय."

बरणी दोनदा फिरली. मग मैनेच्या हातात ती अचानक धप्प वाजली. पुन्हा धप्प. आत ताकासारखं पाणी सुटलं होतं आणि त्यात एक गोळा पोहत होता, लिंबाएवढा, पेरूएवढा, हलवावा तसा मोठा होत जाणारा. पांढराशुभ्र, खडूसारखा.

"पिवळं का नाही?" जावई जरा हिरमुसला.

"शेळीचं पांढरंच असतं. मी वाचलंय," मैना म्हणाली, "झाकण काढ लवकर."

मेट्रनबाईंनी गोळा थंड पाण्यात तीनदा धुतला, लाकडी चमच्याने दाबून पाणी काढलं, चिमूटभर मीठ मळलं. जावयाने पाव कापला आणि तव्यावर भाजला. पहिला तुकडा मैनेच्या हातात दिला तेव्हा लोणी कडेने वितळून तिच्या बोटांवर आलं.

ती चावली. दोघं तिच्याकडे बघत राहिली.

"अं," मैना म्हणाली. "तेलकट आहे."

जावयाचा चेहरा पडला.

"थांब ना. तेलकट आहे, पण…" तिने आणखी चावलं. "आता मीठ लागलं. आता काहीतरी… अरे, हे सगळीकडे जातंय. गालात जातंय." तिसरा घास. "तू ग्रीज म्हणाला होतास! ग्रीज कसलं! मूर्ख माणसा, तू रोज हे खात होतास? सहा वर्षं? माझ्याशिवाय?"

"ग्रीज तू म्हणाली होतीस!"

"दुसरा भाज. जाड लाव. आई, तूही घे ना. तुला काय नवल म्हणा, तू हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये खात असशील."

मेट्रनबाई एव्हाना आत तव्यासमोर जाऊन उभ्या होत्या. "नाही गं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सोडलं होतं."

"कधी?"

"तू झालीस तेव्हाच. घरी आल्या आल्या तू तोंडाला तोंड लावायचीस, पापी घ्यायचीस. वास आला असता तुला, आणि मग मागितलं असतंस. नाही कसं म्हणणार होते? मग राहिलंच ते. पुढे सवय झाली."

जावयाने आत जाऊन तव्यावरचा तुकडा उचलला, त्यावर चमचाभर, मग विचार करून आणखी अर्धा चमचा लोणी लावलं आणि ताटलीत ठेवून सासूच्या पुढे धरला. नखांच्या कडा काळ्या होत्या. आज घाईत घासायचं राहून गेलं होतं. मेट्रनबाईंनी ताटली घेतली, बाहेर येऊन खाटेच्या कडेला बसल्या आणि खाल्लं. डोळे मिटून, सावकाश, शेवटचा चुरा बोटाने टिपून.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"मीठ एक चिमूट जास्त पडलं," त्या म्हणाल्या. "आण अजून एक."

गोळा संध्याकाळपर्यंत टिकला नाही. प्लास्टर निघेपर्यंत चार आठवडे होते, त्या चार आठवड्यांत आठ वेळा साय निघाली. नंतर मैना-जावई आपल्या तिसऱ्या मजल्यावर परत गेले, पण यंत्र ओट्यावरच राहिलं आणि दर मंगळवारी दोघंही इकडे येऊ लागले. जावई फिरवायचा, मेट्रनबाई तोटी सांभाळायच्या. दोघांची भांडणं व्हायची: दूध जास्त कोमट झालं, तू फार जोरात फिरवतोस, थोरलीच्या दुधाला साय जास्त, छे, धाकटीच्या. मैना खुर्चीवर बसून धुतलेल्या तबकड्या पुसायची, एकेक तारेत ओवायची आणि दोघांनाही गप्प बसायला सांगायची. ते बसत नसत.